आसऱ्याची बाजू

शालिकरामचं बोट काळं झालं, झालं ते एवढंच. तीस वर्षं रेघा ओढून पोट भरणाऱ्या माणसाचं बोट काळं झालं तर त्यात नवल ते काय. त्याच्या सदऱ्यांच्या बाह्या बघून बायको गोपिका रोजच कपाळाला हात लावायची. पण आज बोट काळं झालं ते कागदाच्या नको त्या बाजूनं. समोर ड्रॉइंग बोर्डावर नऊ वर्षांपूर्वीचा पातळ ट्रेसिंग कागद पडला होता, कडा पिवळ्या पडलेला, मधे घडी मोडलेला. त्याच्या एका बाजूवर शालिकरामनं बोट फिरवलं, काही लागलं नाही. कागद उलटवून दुसऱ्या बाजूवर फिरवलं, आणि पेराला पेन्सिलीच्या शिशाची करडी चकती चिकटली. म्हणजे ही बाजू खरी. मूळ नकाशा पेन्सिलवाल्यानं काढला तो या अंगानं, आणि शालिकरामनं शाईनं गिरवला तो त्या अंगानं. खाली सीताबर्डीच्या रस्त्यावर एक संत्रेवाला पंधराला डझन की बाराला यावरून कोणाशी तरी भांडत होता. शालिकरामनं बोट धोतराला पुसलं. मग पुन्हा पाहिलं. गेलं नव्हतं.

फाइल सकाळीच केशवबाबूंनी टेबलावर आणून टाकली होती. नकाशे काढून देणारं हे कार्यालय आता केशवबाबूंचं. त्यांच्या वडलांनी शालिकरामला सावनेरहून आलेला मॅट्रिक नापास पोरगा म्हणून ठेवून घेतलं, तेव्हा हे केशवबाबू खाली जिन्यात गोट्या खेळत होते. फाइलीत मुंबईच्या एका प्रकाशकाचं पुस्तक होतं, मचवे आणि लहान गलबतं हाकणाऱ्यांसाठी. किनाऱ्याकिनाऱ्यानं माल घेऊन जाताना वारा उठला तर कोणत्या खाडीत शिरायचं, कोणत्या दांड्याच्या आड नांगर टाकायचा, तळाला चिखल आहे की खडक, पाणी किती खोल. बेचाळीस पानं, पानागणिक एक आसरा. समुद्रात पुढं घुसलेल्या डोंगराच्या सोंडेला तिकडं दांडा म्हणतात, हे शालिकरामला या पुस्तकामुळंच कळलं. नागपुरात काम स्वस्त होतं म्हणून प्रकाशकानं एकोणसत्तर साली ते इकडं धाडलं, आणि ज्यानं अंबाझरीच्या तलावाहून मोठं पाणी जन्मात पाहिलं नव्हतं त्या माणसानं अख्खा कोकणचा किनारा काळ्या शाईत ओढून दिला. कसा ओढून दिला होता! केशवबाबूंचे वडील पानं उजेडाला धरून म्हणाले होते, शालिकराम, ही रेघ नाही बे, हे रेशीम आहे. त्या वाक्यावर शालिकरामनं पुढची कितीतरी वर्षं काढली. फक्त एकच राहिलं. पुस्तकावर नाव कुठंच आलं नाही. प्रकाशकाचं आलं, छापखान्याचं आलं, प्रस्तावना लिहिणाऱ्या कुठल्या साहेबाचं तर दोनदा आलं. तीस वर्षांत त्यानं धरणं काढली, कारखाने काढले, हिंगण्याच्या शेडी काढल्या, पण कुठल्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरातसुद्धा शालिकराम लिहिलेलं नव्हतं. ही गोष्ट तो कोणाला बोलून दाखवायचा नाही, पण नवीन पुस्तक हातात आलं की आधी मागचं पान उघडायचा.

आता दुसरी आवृत्ती निघणार होती. चौथ्या आणि बाविसाव्या पानात दोन दीपस्तंभ नवे दाखवायचे, बाकी सगळं तसंच ठेवायचं, असं प्रकाशकानं कळवलं होतं, आणि जुनी सगळी कागदपत्रं गठ्ठा बांधून पाठवली होती. त्या गठ्ठ्यात चौऱ्याहत्तर सालचं एक पत्र होतं, वहीच्या रेघी कागदावर, कुण्या शाळामास्तराच्या वळणदार अक्षरात. खाली जांभळ्या शाईचा अंगठा. ‘जयवंता हिच्या सांगण्यावरून लिहिले. तुमच्या पुस्तकात पान सतरावर घारदांडाचा आसरा दक्षिणेच्या अंगाला दाखवला आहे. तिथे आसरा नाही. तिथे नुसता खडक आहे. खरा आसरा उत्तरेच्या अंगाला आहे, असे नंतर तिथल्या लोकांनी आम्हांला सांगितले. आमच्या वाडीतल्या मचवे हाकणाऱ्या तांडेलांत वाचता येणारे माझे घरवालेच एक होते, म्हणून त्यांनी तुमचे पुस्तक घेतले. वैशाखात आमच्या वाडीचे तीन मचवे कौले भरून जात असता नैर्ऋत्येकडून वादळ आले. बाकीच्या दोन तांडेलांना वाचता येत नव्हते, ते बाहेर खोल पाण्यात झुंजत राहिले आणि जगले. माझे घरवाले पुस्तकात बघून आत शिरले. चार माणसे गेली. आता माझे दीर मचव्यावर जातात. त्यांच्याकडेही हेच पुस्तक आहे, टाकून द्या म्हटले तरी ऐकत नाहीत, छापलेले खोटे नसते म्हणतात. ज्याने हा नकाशा काढला त्याचे नाव कळवावे. दुसरे काही मागणे नाही.’ आणि समासात, तिरप्या लाल पेन्सिलीनं, प्रकाशकाच्या कचेरीतल्या कोणीतरी लिहिलं होतं: खलाशांची चूक. फाइल करावे.

शालिकराम ते पत्र वाचून आधी रागावला होता. खरंच रागावला. म्हणे नकाशा चुकला! त्यानं तावातावानं गठ्ठ्यातून सतराव्या पानाचा मूळ पेन्सिलीचा कागद शोधून काढला, बाईला नाही तर निदान स्वतःला दाखवून द्यावं म्हणून, आणि त्यावर आपलं पान ठेवलं. रेघेवर रेघ तंतोतंत बसली. तो मनात म्हणाला, पाहा. आणि मग, काय सुचलं कोण जाणे, त्यानं बोट फिरवलं.

पातळ कागदाचं हेच वाईट. रेघ दोन्ही अंगांनी सारखीच दिसते. कागद डावी-उजवीकडे उलटला असता तर समुद्र उजव्या हाताला गेला असता आणि सावनेरच्या माणसालाही कळलं असतं की कोकणात समुद्र पश्चिमेला असतो. पण तव्यावरची भाकर उलटावी तसा वरचा काठ खाली आणि खालचा वर असा उलटला, की समुद्र राहतो डावीकडेच, जमीन राहते उजवीकडेच, डोंगराची सोंड तशीच पाण्यात घुसलेली, आणि बदलतं फक्त एक. उत्तर दक्षिण होते. नांगराची फुली सोंडेच्या या कुशीतून त्या कुशीत जाते. बघणाऱ्याला सगळं ठाकठीक दिसतं. कागदावर अक्षर नव्हतंच काही, की उलटं दिसावं. कार्यालयाची पद्धतच तशी होती, पेन्सिलीच्या कागदावर फक्त रेघा यायच्या, नावं आणि खोली वेगळ्या यादीत. रेघा शालिकराम ओढायचा आणि अक्षरं दत्तोपंत टाकायचे. उत्तरेचा बाण कोपऱ्यात असायचा, पण बोर्डावर बसावा म्हणून शालिकराम कागदाच्या कडा ब्लेडनं कापायचा, आणि त्या कापलेल्या पट्ट्या संध्याकाळी केराबरोबर जायच्या.

दुपारचा डबा त्यानं उघडलाच नाही. त्या दिवशी काय झालं होतं हे तो आठवत बसला. काहीतरी झालं असलं पाहिजे. बाबाची तार आली होती का? नाही, बाबा गेला सहासष्टला. गोपिकेचं ऑपरेशन? ते पुढच्या वर्षी. शेताच्या वाटण्या चालल्या होत्या, भाऊ नत्थूशी बोलाचाली बंद होती, पण ती तर पाच वर्षं बंद होती, आणि त्या पाच वर्षांत त्याची दुसरी एकही रेघ वाकडी गेली नव्हती. उकाडा असेल. घामानं शिसं फिसकटतं म्हणून कागद उलटा टाकला असेल आणि मग टाचण्या ठोकताना विसरला असेल. की चहा आला असेल. की कोणी हाक मारली असेल. आपल्या आयुष्यातला असा कुठला दिवस चार माणसांना पुरून उरला, हे त्याला आठवेना. तो एक साधा मंगळवार-बुधवार असणार, सकाळी तर्रीपोहे खाल्लेले असणार, संध्याकाळी सायकलच्या मागच्या चाकात हवा भरलेली असणार. काही कारण सापडलं असतं तर त्याच्या आड घटकाभर बसता तरी आलं असतं. कारण नव्हतंच. कारण नसताना माणसाचा हात फिरतो आणि तिकडं सहाशे मैलांवर मचवा खडकावर जातो, ह्याचं काय करायचं, कोणाला विचारायचं?

आणि सगळ्यात वाईट हे, की वारा त्याला कळत होता. समुद्र नसेल कळत, वारा कळत होता. सहा-सात वर्षांचा असताना बाबाबरोबर तो सावनेरच्या शेतात गेला होता, आणि भर दुपारी आभाळ काळंनिळं होऊन गारा सुटल्या होत्या, लिंबाएवढ्या. तो कडब्याच्या गंजीकडे पळाला, पळत जाऊन पहिल्या दिसेल त्या बाजूला चिकटला, आणि बाबानं मागून येऊन त्याला बखोटीला धरून ओढत गंजीच्या दुसऱ्या अंगाला नेलं. अंगावर पोतं टाकलं आणि वर स्वतः पडला. “येड्या, वारा कुठून येऊन राह्यला थे पाय ना आधी,” बाबा त्याच्या कानात ओरडला होता. “गंजी काय दोहीकून वाचवते?” बाबाच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता. गंजीच्या पहिल्या बाजूचा कडबा गारांनी झोडपून जमिनीला मिळाला, आणि दुसऱ्या बाजूला एक चिमणी पंख फुगवून निवांत बसली होती, तीही आठवते. इतकं आठवतं, तर मग तेव्हा का नाही आठवलं? घारदांडावर फुली मारताना एकदा तरी मनात आलं असतं, की वादळ नैर्ऋत्येचं, म्हणजे येणार खालून डावीकडून, आणि मी माणसांना नेऊन बसवतो आहे तेही खाली डावीकडेच. बाबाला वाचता येत नव्हतं. बाबा असता तर त्यानं नुसतं पान बघून बखोट धरलं असतं. शालिकरामनं रेशमासारखी रेघ ओढली, त्या रेघेच्या आत माणसं उतरणार आहेत हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याला रेघ दिसत होती.

नाही, पण कोणीतरी विचारलं होतं. हे आठवलं तेव्हा तो बसल्या जागेवरून उठला. दत्तोपंतांनी विचारलं होतं. अक्षरं टाकायला सतरावं पान त्यांच्या टेबलावर गेलं आणि थोड्या वेळानं ते चष्मा कपाळावर चढवून इकडं आले होते. “शालिकराम, हा घारदांड एकदा मूळ कागदाशी ताडून बघता का?” आणि शालिकराम, आजूबाजूला चार माणसं ऐकत असताना, मान वर न करता म्हणाला होता, “तुम्ही अक्षरं पाहा जी दत्तोपंत. रेघा मायावर सोडा.” कोणीतरी हसलं होतं. दत्तोपंत परत गेले होते. त्याला तेव्हा फार बरं वाटलं होतं. कुणब्याच्या पोराच्या रेघेत खोट काढायला हे महाल वस्तीतले पंत, असं काहीसं मनात होतं, आणि ते बरं वाटणं त्यानं दिवसभर तोंडात गूळ धरावा तसं धरलं होतं. तो दिवस आठवत नाही, पण ती गोडी आठवते. आज ती आठवली आणि तो फाइल काखेत मारून जिना उतरला.

दत्तोपंतांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. महालातल्या दोन खोल्यांत लेकीजवळ, कुसुमताईजवळ, राहत होते. शालिकराम तिथं पोचला तेव्हा चार वाजले होते आणि दत्तोपंत अंगणात खुर्ची टाकून उन्हाला बसले होते. दोन्ही हात मांडीवर ठेवलेले, आणि हात एकसारखे हलत होते, आपण होऊन, कुठल्या तरी अदृश्य चाळणीत काही चाळावं तसे. ज्या हातानं तांदळाच्या दाण्याएवढं अक्षर खोलीच्या आकड्याशेजारी सरळ बसवलं तो हात. कुसुमताई म्हणाली, “दोन वर्षं झाली काका, पेलासुद्धा धरता येत नाही आता.” शालिकरामनं फाइलीतून दोन्ही कागद काढले, आणि पत्र काढलं, आणि त्यांच्यासमोर धरलं. दत्तोपंतांनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. अंगठ्याच्या ठशावर त्यांची नजर बराच वेळ होती.

“कागद उलटा पडला होता जी,” शालिकराम म्हणाला. “मायाच हातून. आज समजलं.”

“मला तेव्हाच समजलं होतं,” दत्तोपंत म्हणाले.

शालिकरामनं पुढं धरलेले कागद खाली घेतले.

“म्हणजे कागद उलटा आहे हे नाही. पण यादीत लिहून आलं होतं, घारदांडाच्या उत्तरेस आसरा. आणि तुमच्या पानात फुली दक्षिणेला. दोहोंपैकी एक चूक आहे एवढं दिसत होतं. म्हणून तर मी विचारायला आलो होतो.”

“मंग?”

“मग काय. रेघा तुमच्यावर सोडल्या.” दत्तोपंतांनी हात मांडीखाली दाबून धरले, म्हणजे हलू नयेत. “तुमची रेघ कधी चुकत नाही म्हणून मी यादीतलं उत्तर खोडून पानावर दक्षिणेस लिहिलं. म्हटलं, यादीच चुकली असणार. टंकलेखनवाले काय, काहीही लिहून पाठवतात.” अंगणात कुसुमताईनं वाळत घातलेल्या कुरडयांवरून एक कावळा हाकलला. “खोटं कशाला बोलू शालिकराम, आता. मला राग आला होता. मनात म्हटलं, पडू दे याला तोंडावर. कोणीतरी तपासेल, मुंबईवाले पाहतील, आणि यांची फजिती होईल. कोणी तपासलंच नाही. मी वाट पाहत होतो. नंतर विसरलो.”

शालिकरामला वाटलं होतं, इथं येऊन बोललं की ओझं थोडं इकडं-तिकडं होईल. झालं उलटंच. आपल्या एकट्याची चूक होती तोवर ती निदान चूक होती. आता तिच्यात दोन माणसांचा आकस कालवला गेला. एक आठ शब्दांचं उत्तर आणि एक अबोला, आणि कुठं महाल अन् सीताबर्डी, आणि कुठं तो तांडेल, वादळात पुस्तक उघडून, ओल्या हातानं पान सतरा काढणारा. त्याच्या मचव्यावरच्या बाकी तिघांनी म्हटलं असेल, वाचा, काय लिहिलंय वाचा. आणि त्यानं मोठ्यानं वाचलं असेल, दक्षिणेस. दत्तोपंतांचं सुंदर, सरळ, सुबक दक्षिणेस.

“पान नवीन काढतो,” शालिकराम म्हणाला. “अजून छापलं नाही. अक्षर तुम्ही टाकून द्या.”

“हे हात पाहून म्हणता?”

“मी धरतो ना जी.”

नंदनवन वस्तीतल्या घरी त्यानं रविवारी खिडकीपाशी पाट टाकून पान काढायला घेतलं. दोन तासांचं काम, पण सकाळपासून दुपार झाली. एक रेघ ओढायची आणि कागद उचलून उजेडाला धरायचा, दुसरी ओढायची आणि बोट फिरवून बाजू तपासायची. बाजू बरोबर होती. तो पुन्हा तपासायचा. गोपिका दोनदा जेवायला बोलावून गेली. “काय करून राह्यले जी सकाळपासून? तब्येत बरी हाय ना?” ती म्हणाली. त्याला वाटलं, सांगावं हिला. हिला सांगितलं तर ती काय करील? रडेल, आणि मग म्हणेल, तुम्ही काय मुद्दाम केलं जी. मुद्दाम केलं नाही हेच तर त्याला सोसत नव्हतं. “काही नाही वं,” तो म्हणाला, “कामाचं हाय.” संध्याकाळी तो पान घेऊन महालात गेला. कुसुमताईनं दिवा लावला. दत्तोपंतांच्या बोटांत टाक दिला आणि शालिकरामनं त्यांचं मनगट आपल्या मुठीत घट्ट धरलं. मनगटाच्या आत काहीतरी फडफडत होतं, पिशवीत धरलेल्या पाखरासारखं. उ काढला. त्त काढला. घाम दोघांनाही फुटला. उत्तरेस एवढं एक लिहायला पाऊण तास गेला, आणि ते अक्षर काही दत्तोपंतांचं वाटेना, पहिलीतल्या पोरानं पाटीवर गिरवावं तसं दिसत होतं. पण वाचता येत होतं. दत्तोपंत म्हणाले, “पुरे. वाचता आलं म्हणजे झालं.” शालिकरामला जयवंताचा नवरा आठवला. त्यालाही वाचता येत होतं.

सोमवारी त्यानं पान केशवबाबूंपुढं ठेवलं आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. केशवबाबूंनी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. शालिकरामला खुर्चीवर बसवलं, पाणी मागवलं. “शालिकरामजी, काहून डोक्यात घेऊन राह्यले तुम्ही? पार्टीनं दोनच पानं सांगितली. जुन्या निगेटिव्ह तयार हायेत. आता आपण लिहून कळवलं का आपली चुकी होती, तर उद्या कोर्टकचेरीत उभं कोण राहीन? तुम्ही का मी?” शालिकराम म्हणाला, “चार माणसं गेली, केशवबाबू.” केशवबाबूंनी पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला. “दर्यावर माणसं जातेच जी. त्या बाईचं वाईट वाटते, मी नाही म्हणत नाही.” त्यांनी पत्राची घडी घातली आणि ते आपल्या खणात टाकलं. मग नवं पान हातात घेऊन उजेडाला धरलं, अगदी वडलांसारखं. “पण काय हात हाय तुमचा अजून! ठेवून जा. मी पाहतो.”

मी पाहतो. या दोन शब्दांवर शालिकरामनं तीन आठवडे काढले. कधी वाटायचं, पाहतील. एवढं पाणी पाजलं, बसवलं, पाहतीलच. कधी वाटायचं, आपणच प्रकाशकाला लिहावं. पण मालकाच्या डोक्यावरून पत्र गेलं तर नोकरी कशी टिकायची, आणि निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. तो लिहीत नव्हता आणि लिहीत नाही याची रोज नव्यानं लाज वाटून घेत होता. जयवंताला मात्र त्यानं कार्ड लिहायला घेतलं. पत्ता पाठ झाला होता. एका दुपारी टपाल कचेरीच्या बाकावर बसून लिहिलं, आपले पत्र मिळाले, खरा आसरा उत्तरेस आहे. मग थांबला. हे तर तिला माहीतच होतं, ह्याची किंमत मोजूनच तिनं ते मिळवलं होतं. तिनं एवढंच मागितलं होतं, नाव कळवावे. पाच अक्षरं. तीस वर्षं ज्या नावासाठी मागची पानं उघडली ते नाव कोणीतरी पहिल्यांदाच मागत होतं, आणि त्याच्या हातून ते लिहवेना. त्यानं कार्ड फाडलं. दुसऱ्या दिवशी दुसरं घेतलं, शा लिहिला आणि फाडलं. तिसरं खिशात तसंच कोरं फिरत राहिलं, घामानं मऊ झालं, आणि गोपिकेनं सदऱ्याबरोबर धुऊन टाकलं.

मार्चच्या शेवटी पुस्तकं आली. केशवबाबूंनी त्याला हाक मारली, आणि आत शिरताक्षणी त्याला ते दिसलं. केशवबाबूंच्या खुर्चीमागच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत, घारदांड. त्यानं रविवारी काढलेला. फुली उत्तरेला, आणि शेजारी दत्तोपंतांचं वेडंवाकडं उत्तरेस. “पाहा,” केशवबाबू म्हणाले, “फ्रेम केलं. नवीन निगेटिव्हचा खर्च पार्टी देत नव्हती, मंग म्हटलं एवढं सुंदर काम खणात काहून ठेवायचं? येणाऱ्या-जाणाऱ्याले दिसलं पाहिजे आपल्याकडे कसा हात हाय.” शालिकराम काचेकडे पाहत राहिला. काचेत खिडकी दिसत होती, खिडकीत सीताबर्डीचा रस्ता, त्यावरच्या सायकली. इथं, जिथं समुद्र नव्हता, तिथं आसरा बरोबर बाजूला होता.

“आणि हे तुमचं,” केशवबाबू म्हणाले. त्यांनी एक नवंकोरं पुस्तक त्याच्या हातात दिलं, आतलं पहिलं पान आधीच उघडून, त्यावर बोट ठेवून. “मले समजलं शालिकरामजी. एका पानाच्या मागं एवढे लागले तुम्ही, थे काही पानासाठी नव्हतं. तीस वर्षं झाले, नाव नाही कुठं. बाबूजींनी द्यायला पाहिजे होतं, राहून गेलं. मी प्रकाशकाले आग्रह केला.” तिथं लिहिलं होतं: रेखाटन, शालिकराम. अक्षर, दत्तोपंत. खाली कार्यालयाचं नाव आणि नागपूर. छान ठळक टाइपात, कोणालाही वाचता यावं असं. शालिकरामनं पान सतरा काढलं. फुली दक्षिणेला होती. “किती गेले?” त्यानं विचारलं. “सारेच गेले जी, परवाच्या गाडीनं. हे आपलं एक ठेवलं.” केशवबाबू हसले, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या हातात इतकी माया होती की शालिकरामला ओरडता आलं नाही.

वैशाखाला महिना उरला होता. जयवंताच्या दिराच्या जुन्या पुस्तकाची पानं सुटली असतील, तो नवं घेईल. घरी आणील, पहिलं पान उघडील, आणि वहिनीला वाचून दाखवील. तिला नाव कळेल. मग ते पुस्तक कमरेला बांधून तो मचव्यावर जाईल.

संध्याकाळी त्यानं पुस्तक कोनाड्यात देवाच्या तसबिरीमागं सरकवून दिलं होतं, पण गोपिकेला तेल-वात करताना ते सापडलंच. तिला हळूहळू, जोडून जोडून वाचता येत असे. तिनं पहिल्या पानावर बोट ठेवून वाचलं, आणि पुन्हा वाचलं, आणि तिचा चेहरा असा काही झाला की लग्नानंतर इतक्या वर्षांत शालिकरामनं तो पाहिला नव्हता. “अवो, नाव आलं ना तुमचं! सांगतलं काहून नाही?” तो काही बोलायच्या आत ती पदराला हात पुसत, चपला न घालता, बाहेर पडली. तिला थांबवायला म्हणून तो उठला, पण दारापर्यंतच गेला. शेजारच्या अंगणातून सिंधूताईचा आवाज आला, आणि तिच्या लेकीचा, आणि मधूनच गोपिकेचा, एकेक अक्षर मोठ्यानं लावत जाणारा, शा, लि, क, राम. सिंधूताई म्हणाली, “बाप्पा, एवढं मोठं पुस्तक! याच्यातलं कोणतं पान वं, कोणतं पान यायनं काढलं?”

“सारेच,” गोपिका म्हणाली.